डांगचा रस्ता चलथाणवरून जातो

पावसाने जोर धरला की शनिवारी पहाटे सुरतेजवळच्या चलथाण-कडोदऱ्याच्या चौफुलीवर मोटारसायकलींची रांग लागते. अंगात रेनकोट, पाठीला पिशव्या, मागच्या सीटवर मित्र. कोणी साड्यांच्या प्रोसेसिंग मिलमध्ये कामाला, कोणी यंत्रमागावर, कोणी एम्ब्रॉयडरीच्या कारखान्यात, कोणी अजून कॉलेजात. उधना, लिंबायत, डिंडोली, पलसाणा भागातल्या या मुलांपैकी पुष्कळांच्या घरी अहिराणी किंवा मराठी बोलली जाते. त्यांचे आजोबा-वडील धुळे, जळगाव, नंदुरबारकडून पोटासाठी सुरतेत आले. आठवडाभर यंत्रांच्या खडखडाटात काढल्यावर यांना डोंगर हवा असतो. बारडोली, अनावल, उनाई, वघई असा रस्ता धरून सापुतारा हे डांगमधले थंड हवेचे ठिकाण गाठायचे, वाटेत अंबिका नदीवरचा गिरा धबधबा पाहायचा, जमले तर पुढे हातगड किंवा साल्हेरपर्यंत जायचे. साल्हेर १५६७ मीटर उंचीचा, महाराष्ट्रातला सर्वांत उंच किल्ला. जुलै २०२५ मध्ये 'मराठा लष्करी भूप्रदेश' या नावाने युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांत तोही आहे. त्यामुळे या वाटेवरची गर्दी आणखी वाढणार.

या मुलांशी बोलले तर निसर्गाबद्दल उदासीन असा क्वचितच भेटेल. डोंगर हिरवे राहावेत, नद्या स्वच्छ राहाव्यात, प्लास्टिक टाकू नये, हे सगळे त्यांना पटलेले असते. तरीही सोमवारी धबधब्याच्या काठाला वेफर्सची पाकिटे आणि पाण्याच्या बाटल्या पडलेल्या असतात. पटणे आणि वागणे यांत ही फट कुठून पडते आणि ती कशाने बुजते, याचा गेल्या काही दशकांत जगभर बारकाईने अभ्यास झाला आहे. त्यातून निघालेल्या गोष्टी चलथाणच्या तरुणालाही उपयोगी पडतील अशा आहेत.

पटते, पण वळत नाही

मानसशास्त्रज्ञ आयझेक आयझेन यांनी १९९१ साली 'नियोजित वर्तनाचा सिद्धांत' सविस्तर मांडला. पर्यटकांच्या पर्यावरणविषयक वागणुकीवरचे असंख्य अभ्यास याच पायावर उभे आहेत. त्यांच्या मते माणूस एखादी गोष्ट करायचे ठरवतो तेव्हा तीन गोष्टी एकत्र काम करतात. पहिली, ती गोष्ट त्याला चांगली वाटते का. दुसरी, आपल्या माणसांची, म्हणजे घरच्यांची, मित्रांची, त्याबद्दल काय अपेक्षा आहे. तिसरी, ती करणे आपल्या आवाक्यात आहे असे त्याला वाटते का. आपल्याकडची जनजागृती बहुतेक वेळा पहिल्याच गोष्टीवर खर्च होते. फलक लागतात, घोषणा होतात, शाळेत निबंध लिहून घेतले जातात. पण गटातले सगळे बाटली विकत घेत असतील आणि वाटेत पाणी भरून घ्यायला नळच नसेल, तर मनातले चांगले विचार मनातच राहतात.

एमिल युवान आणि सारा डोल्निचार या संशोधकांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास तर पर्यावरणाच्या कामात स्वतः उतरलेल्या लोकांवरचा आहे. घरी पर्यावरण जपणारी ही माणसे सुट्टीवर निघाली की पर्यावरणाला हानी होईल असे वागत होती आणि त्याचे समर्थनही करत होती. दुसरे तर याहून वाईट वागतात, माझ्या एकट्याने काय फरक पडणार, सुट्टी ही तर अपवादाची वेळ, दुसरा पर्यायच नव्हता, अशी ती कारणे. आपल्या सहलीच्या गटात नेमकी हीच वाक्ये ऐकू येतात. म्हणजे ही फट केवळ वय, देश किंवा शिक्षण यांमुळे पडते असे म्हणता येत नाही. रोजच्या घरातून बाहेर पडलेला माणूस रोजच्या नियमांतूनही थोडा सुटतो, हे तिचे एक मूळ असावे.

प्रवासाचा खरा भार कुठे असतो

पर्यावरण म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे आधी कचरा येतो, कारण तो दिसतो. न दिसणारा भार त्याहून मोठा असतो. मॅनफ्रेड लेन्झेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ साली 'नेचर क्लायमेट चेंज' या नियतकालिकात जगभरच्या पर्यटनाचा कार्बन-हिशेब मांडला. २००९ ते २०१३ या काळात जगातल्या हरितगृह वायूंपैकी सुमारे ८ टक्के वायू पर्यटनामुळे हवेत गेले, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्यात प्रवास, खरेदी आणि खाणे यांचा वाटा मोठा.

हा हिशेब सापुताऱ्याच्या सहलीलाही लावता येतो. चलथाणहून सापुतारा सुमारे दीडशे किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन तीनशे धरू. एक लिटर पेट्रोल जळले की साधारण २.३ किलो आणि एक लिटर डिझेल जळले की साधारण २.७ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. लिटरला १५ किलोमीटर चालणारी पेट्रोल कार या फेरीत २० लिटर इंधन जाळते आणि सुमारे ४६ किलो वायू सोडते. एकटाच बसला असेल तर सगळा भार त्याचा. पाच जण असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला ९ किलो. लिटरला ४५ किलोमीटर देणारी मोटारसायकल सुमारे १५ किलो सोडते, दोघांत साडेसात. लिटरला ५ किलोमीटर चालणारी डिझेलची बस याच अंतराला १६० किलो सोडते, पण तिच्यात चाळीस प्रवासी असले तर माणशी ४ किलोच पडतात.

म्हणजे मनात निसर्गप्रेम कितीही असो, कारमधून एकट्याने जाणारा मुलगा एसटीने जाणाऱ्या मुलाच्या अकरापटींहून जास्त भार टाकतो. आणि घरी निसर्गाची फारशी चर्चा न करता भरलेल्या एसटीने जाणारे कुटुंब या हिशेबात त्याच्यापेक्षा कितीतरी चांगले ठरते. खान्देशातून चैत्रात सप्तशृंगीच्या गडावर पायी जाणाऱ्यांचा भार तर जवळपास शून्यच. आपल्या आधीच्या पिढ्यांनी ज्या प्रवासाला केवळ ऐपतीचा प्रश्न मानले, तोच आज पर्यावरणाच्या दृष्टीने उत्तम ठरतो. तरुणांनी तो कमीपणाचा न मानता निवडून करावा, असे मला मनापासून वाटते.

चलथाणच्या तरुणाला रेल्वेची सोय तर घराजवळच आहे. उधन्याहून भुसावळकडे जाणाऱ्या तापी खोऱ्याच्या लोहमार्गावर न्योल, मग चलथाण, पुढे बाघुमरा, गंगाधरा, बारडोली अशी स्थानके येतात. हाच मार्ग पुढे नवापूरला पोचतो. तिथल्या फलाटाचा काही भाग गुजरातेत आणि काही महाराष्ट्रात आहे. त्यापुढे नंदुरबार, तिथून एसटीने तोरणमाळला जाता येते. यशवंत तलाव, सातपुड्याच्या घड्या, थंड हवा हे सगळे तिथे आहे आणि सापुताऱ्यापेक्षा गर्दी कमी. दुसरी वाट बिलिमोऱ्याची. बिलिमोरा ते वघई ही ६३ किलोमीटरची नॅरोगेज गाडी १९१३ पासूनची, बडोद्याच्या गायकवाडांच्या राज्यातली. डांगच्या जंगलातले सागवान बाहेर नेण्यासाठी तिचा मोठा उपयोग झाला. ती कायमची बंद पडता-पडता वाचली आणि सप्टेंबर २०२१ मध्ये पुन्हा धावू लागली. तीनेक तासांचा हा प्रवास ऊस, आंबा, मग साग असे बदलत जाणारे दक्षिण गुजरात खिडकीतून दाखवतो. वघईला उतरून वनस्पती उद्यान पाहिले तरी दिवस सार्थकी लागतो.

कचरा कचऱ्याला बोलावतो

आता दिसणाऱ्या भाराकडे वळू. रॉबर्ट चाल्डिनी, रेमंड रेनो आणि कार्ल कॅलग्रेन यांनी १९९० साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. वाहनतळावर उभ्या असलेल्या गाड्यांच्या काचेवर एक-एक पत्रक लावून ठेवले आणि मालक आल्यावर ते कुठे टाकतो हे पाहिले. आधीच कचरा पडलेल्या जागेत ३२ टक्के लोकांनी ते खाली टाकले. स्वच्छ जागेत १४ टक्क्यांनी. मग एका माणसाने मालकाच्या देखत कागद खाली टाकायचा असे ठरवले. घाणेरड्या जागेत त्याचे पाहून टाकणाऱ्यांचे प्रमाण ५४ टक्क्यांवर गेले, पण स्वच्छ जागेत ते ६ टक्क्यांवर आले. स्वच्छ जागेत कोणी घाण केली की बघणाऱ्याला ती खटकते आणि तो स्वतः सावरतो.

यातला धडा आपल्या धबधब्यांसाठी थेट आहे. जागा सकाळी स्वच्छ असेल तर दिवसभर ती पुष्कळ अंशी स्वच्छ राहते. सकाळी पहिल्यांदा पोचणारा गट दहा मिनिटे काढून आसपासची पाकिटे उचलून ठेवेल तर त्याचा परिणाम त्या दहा मिनिटांपुरता राहत नाही.

चाल्डिनी यांनी नोआ गोल्डस्टीन आणि व्लादास ग्रिस्केविशियस यांच्यासोबत २००८ साली हॉटेलांतल्या टॉवेलांवर असाच प्रयोग केला. पाहुण्याने टॉवेल पुन्हा वापरावा म्हणून खोलीत चिठ्ठी ठेवली. 'पर्यावरण वाचवा' असे लिहिल्यावर सुमारे ३५ टक्क्यांनी टॉवेल पुन्हा वापरला. 'इथले बहुतेक पाहुणे टॉवेल पुन्हा वापरतात' असे लिहिल्यावर हेच प्रमाण ४४ टक्के झाले. दुसऱ्या फेरीत 'याच खोलीत राहून गेलेल्या बहुतेकांनी वापरला' असे लिहिले, तेव्हा ते ४९ टक्क्यांपर्यंत गेले. माणूस उपदेशापेक्षा आपल्यासारख्यांचे पाहून जास्त शिकतो. म्हणून सहलीचा फोटो टाकताना धबधब्याबरोबर स्टीलची बाटली आणि घरून आणलेला डबा दिसणे हे छोटे पण खरे काम आहे. ते पाहणारे शंभर मित्र त्याच वयाचे, त्याच गल्लीतले असतात.

कायद्याने काही वाट मोकळी केली आहे. १ जुलै २०२२ पासून देशभर एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या ताटल्या, पेले, चमचे, स्ट्रॉ अशा वस्तूंवर बंदी आहे. पाण्याची बाटली आणि वेफर्सचे चकचकीत पाकीट मात्र त्या यादीत नाहीत, आणि डोंगरात सर्वांत जास्त पडतात ती तीच. एकमेकांना चिकटवलेल्या अनेक थरांचे पाकीट वेगळे करून पुन्हा वापरणे अवघड असते. त्याला एकच सोपा उपाय आहे: ते डोंगरावर न्यायचेच नाही. आपल्याकडे प्रवासाला दशम्या, ठेचा, शेंगदाण्याची चटणी बांधून द्यायची पद्धत आहे. दशमी दोन दिवस टिकते आणि मागे कचरा ठेवत नाही.

पैसा कोणाच्या हातात पडतो

शाश्वत पर्यटनाची चर्चा कार्बन आणि कचऱ्याशी संपली तर ती अर्धीच राहते. संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक पर्यटन संघटनेच्या व्याख्येत पर्यावरणाबरोबर आर्थिक आणि सामाजिक परिणाम आणि यजमान गावाच्या गरजाही येतात. चलथाणच्या वाचकाला हा भाग सर्वांत जवळचा वाटायला हवा.

दिवाळी झाली की चलथाणच्या सहकारी साखर कारखान्याच्या परिसरात ऊसतोड मजुरांच्या टोळ्या उतरतात. त्यांच्या कामाचे एकक म्हणजे 'कोयता', बहुतेक वेळा नवरा-बायकोची जोडी. मुकादमाकडून पावसाळ्यात उचल घेतलेली असते आणि ती फेडण्यासाठी उन्हाळ्यापर्यंत उसाच्या फडात राबायचे असते. शेताच्या कडेला पालांचा पडाव पडतो आणि लेकरे त्यातच वाढतात. ही माणसे येतात डांगमधून, तसेच नवापूर, साक्री, नंदुरबार या खान्देशातल्या आदिवासी पट्ट्यातून. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी बारडोली परिसरातल्या या स्थलांतरावर दीर्घकाळ संशोधन करून लिहिले आहे.

थोडक्यात, आपण ज्या डांगमध्ये शनिवार-रविवारी हिरवळ पाहायला जातो, त्याच डांगचे लोक हिवाळ्यात आपल्या दारातल्या फडात ऊस तोडायला येतात. आपली सहल त्यांच्या गावात रोजगार ठेवते की नाही, हा प्रश्न म्हणूनच फार मोठा आहे. आपण घरून भरून नेलेले इंधन, शहरातल्या कंपनीचे पाकीटबंद खाणे आणि बाहेरच्या मालकाचे हॉटेल एवढ्यावर सहल उरकली, तर गावाच्या वाट्याला धूर आणि कचरा येतो. थंड हवेच्या ठिकाणांचा इतिहासही याची आठवण देतो. सापुतारा वसवताना तिथल्या आदिवासी कुटुंबांना शेजारच्या नवागामात हलवावे लागले. ज्यांनी जागा दिली त्यांच्यापर्यंत पर्यटकाचा पैसा पोचणे हे किमान न्यायाचे आहे.

हे कसे करता येते याचा धडा चलथाणच्याच शेजारून सुरू होतो. कामरेज तालुक्यातल्या कोसमाडा गावी १९२० साली मणिभाई देसाई यांचा जन्म झाला. १९४६ मध्ये गांधीजींनी पुणे जिल्ह्यातल्या उरुळी कांचनला निसर्गोपचार आश्रम सुरू केला आणि त्याची जबाबदारी या तरुणावर सोपवली. मणिभाई तिथलेच झाले. १९६७ मध्ये त्यांनी 'बायफ' ही संस्था उभारली आणि १९८२ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्याच १९८२ साली बायफने वांसदा तालुक्यात आदिवासी कुटुंबांसोबत 'वाडी' हा कार्यक्रम सुरू केला. पडीक, उताराच्या साधारण एकरभर जमिनीत आंबा आणि काजू लावायचे, बांधावर जंगली झाडे, झाडांच्या मधल्या जागेत पिके. कुटुंबाला गाव सोडून ऊसतोडीला जावे लागू नये, हा त्यामागचा एक मोठा हेतू होता.

याच वांसदा-डांग पट्ट्यात आज महिलांचे बचत गट 'नाहरी' नावाची जेवणघरे चालवतात. नागलीची भाकरी, उडदाची डाळ, हिरव्या मिरचीची चटणी, बांबूच्या कोंबांचे लोणचे असे ताट तिथे मिळते. नागली त्याच डोंगरात पिकते, तिला पाणी फार लागत नाही. डांग जिल्हा नोव्हेंबर २०२१ मध्ये पूर्ण नैसर्गिक शेतीचा जिल्हा म्हणून जाहीर झाला, त्यामुळे इथल्या नागली-उडदाला गिऱ्हाईक मिळणे आणखी महत्त्वाचे. असे एक ताट घेतले की धान्य लांबून आणावे लागत नाही, पाकीट उरत नाही आणि पैसा स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या हातात पडतो. पूर्णा नदीकाठी महाल, उनाईजवळ पदमडुंगरी, मांडवी तालुक्यात केवडी अशी वनविभागाची निसर्ग-शिबिरस्थळे आहेत. तिथल्या कामात आसपासच्या गावांतल्या लोकांना रोजगार मिळतो. राहायची जागा निवडताना आधी त्यांची चौकशी करावी.

नियम आणि गावाचा वाटा जुळतात तेव्हा

चांगल्या विचारांना चांगली व्यवस्था मिळाली की काय होते हे महाराष्ट्रातल्या दोन ठिकाणी स्पष्ट दिसते. रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड तालुक्यातल्या वेळास गावी ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात. ही अंडी पूर्वी चोरीला जात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने २००२ पासून गावकऱ्यांना बरोबर घेऊन घरटी राखायला सुरुवात केली आणि २००६ पासून कासव महोत्सव भरू लागला. पाहुणे गावातल्याच घरांत राहतात, तिथेच जेवतात, आणि पिल्ले समुद्राकडे निघाली की आखलेल्या दोरीच्या मागे उभे राहतात. तिथे येणारा तरुण इतरत्र जाणाऱ्या तरुणापेक्षा वेगळ्या मातीचा नसतो. पण यजमान समोर उभा असतो, नियम स्पष्ट असतो, आणि कासव जगले तर गावाची चूल चालते हे सगळ्यांना दिसते.

दुसरे ठिकाण साताऱ्याजवळचे कास पठार. २०१२ मध्ये पश्चिम घाटातल्या इतर स्थळांबरोबर ते जागतिक वारसा ठरले आणि फुलांच्या दिवसांत तिथे लोटणारी गर्दीच फुलांच्या मुळावर उठली. पुढे दिवसाला ३००० पर्यटकांची मर्यादा आणि आगाऊ नोंदणी आली. काहींची गैरसोय झाली, पण पायदळी तुडवली जाणारी जमीन वाचवायला संख्येवर लगाम लागतोच. गिरा धबधब्यासारख्या ठिकाणी पावसाळ्यातल्या रविवारी अशीच मर्यादा घालण्याचा विचार डांगच्या प्रशासनाने करावा. तरुण पर्यटकांनी त्याची मागणी स्वतः पुढे येऊन केली तर तिला जास्त वजन येईल.

पुढच्या सहलीसाठी

पर्यावरणाच्या कळकळीची आपल्या तरुणांकडे कमतरता नाही. कमतरता आहे ती सहल ठरवण्याच्या वेळी घ्यायच्या चार निर्णयांची, आणि ते निर्णय निघायच्या आदल्या रात्रीच घ्यावे लागतात. डोंगरावर पोचल्यावर बाटली विकत घेऊ नये असे ठरवून उपयोग नसतो, कारण तोपर्यंत तहान लागलेली असते. म्हणून गटाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर वेळ ठरते तेव्हाच या चार गोष्टीही ठरवा. कशाने जायचे: आधी एसटी आणि रेल्वे पाहा, नाही जमले तर गाडी पूर्ण भरून न्या. काय न्यायचे: घरची बाटली, घरचा डबा, आणि निघालेला कचरा परत आणायला एक पिशवी. कुठे जेवायचे: गावातल्या बायकांच्या हातचे. कुठे राहायचे: जिथे भाड्याचा पैसा त्याच गावात राहतो तिथे.

चलथाणमधल्या मंडळांनी, कॉलेजांतल्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या गटांनी आणि गिर्यारोहण करणाऱ्या मित्रमंडळींनी या पावसाळ्यात किमान एक सहल अशी काढावी आणि तिचा खर्च, इंधन आणि परत आणलेला कचरा सगळ्यांना सांगावा. पाहून शिकणाऱ्यांची संख्या मोठी आहे. आणि दिवाळीनंतर आपल्या फडात कोयता घेऊन येणारे एखादे कुटुंब जरी पुढच्या वर्षी डांगमध्येच राहून पाहुण्यांना नागलीची भाकरी वाढू शकले, तर आपली सहल खऱ्या अर्थाने टिकाऊ झाली असे समजावे.